आधी कुठे, मग काय

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं आवरतं घेतलं आहे.)

 

सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख ‘आपल्या बॅचची सॉफ्टवेअर इंजिनिअर’ अशी करून दिली आणि पाठोपाठ भाषणाचा विषय सांगितला, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. ते हसणं रास्त आहे. मी डॉक्टर नाही. पण दोन महिन्यांपूर्वी आपल्या ग्रुपवर एका मैत्रिणीनं लिहिलं, “लेक एमबीबीएसला आहे, पुढच्या महिन्यात न्यूरोलॉजीच्या वॉर्डात पोस्टिंग आहे, पोरगी घाबरलीय. काय वाचावं?” आपल्यातल्या डॉक्टर मित्रांनी पुस्तकांची नावं दिली. मी लिहिलं, पुस्तकातलं मला कळत नाही, पण त्या वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर मी आईसोबत चार वर्षं बसते आहे. तिथून काय दिसतं ते सांगू का? त्यावर संयोजकांनी लगेच मला वीस मिनिटं देऊन टाकली. आपल्या बॅचची तीन मुलं सध्या डॉक्टरकी शिकताहेत आणि तिघंही आज पुढच्या रांगेत आहेत. म्हणजे बोलणार त्यांच्याशीच, बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं.

मुलांनो, पहिली गोष्ट म्हणजे ही भीती तुमच्या एकट्याची नाही. राल्फ जोझेफोविझ नावाच्या अमेरिकन न्यूरोलॉजिस्टनं १९९४ साली तिला नावसुद्धा देऊन ठेवलं, ‘न्यूरोफोबिया’. विद्यार्थी मेंदूची रचना एका वर्षी पाठ करतो, पेशंट दुसऱ्या वर्षी बघतो, आणि दोन्हींची गाठ घालायला कोणी बसत नाही, म्हणून ही भीती. मला हे ओळखीचं वाटलं. आमच्याकडे नवी मुलं कामाला लागतात, त्यांचंही असंच होतं. “पैसे कटले पण समोरच्याला पोहोचले नाहीत” अशी तक्रार आली की नवा मुलगा सगळा प्रोग्राम उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो. जुना माणूस काही उघडत नाही. तो विचारतो, कधीपासून होतंय? सगळ्यांचं होतंय की काहींचंच? फोनवरून निघालं का, बँकेपर्यंत गेलं का, की आपल्याकडे येऊन अडकलं? आधी जागा पकडायची, कारण नंतर.

न्यूरोलॉजीत हाच धडा पहिला आहे, हे मला एका प्राध्यापकांच्या राउंडमध्ये कळलं. मी आईच्या कॉटशेजारी उभी होते. ते मुलांना म्हणत होते, “डायग्नोसिस नंतर सांगा. आधी बिघाड कुठे आहे ते सांगा. मेंदूत, ब्रेनस्टेममध्ये, मज्जारज्जूत, बाहेर पडणाऱ्या नसेत, नस स्नायूला मिळते त्या जागी, की स्नायूतच?” एवढे सहा थांबे. आपल्या एसटीच्या गाडीला याहून जास्त असतात.

एक उदाहरण देते. आपल्याकडे तोंड वाकडं झालं की माणूस म्हणतो, लकवा मारला, नाहीतर वारा लागला. पेशंटला भुवया वर करायला सांगा. कपाळावर दोन्ही बाजूंनी आठ्या पडल्या, फक्त ओठाचा कोपरा खाली आला, तर बिघाड वर मेंदूत असण्याची शक्यता मोठी. त्याच बाजूचं कपाळही सपाट राहिलं, डोळा मिटत नाही, तर चेहऱ्याची नस बाहेर कुठेतरी सुजली आहे. कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून तारा येतात, एक बंद पडली तरी दुसरी काम चालवते. आमच्या भाषेत याला डबल फीड म्हणतात. ते कळल्यावर मला त्या रचनेबद्दल जो आदर वाटला, तो सांगता येणार नाही! या तपासणीला मशीन लागत नाही, वीजही लागत नाही.

आता शब्दांकडे येते, कारण माझ्या मते पोस्टिंगमधला सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. तुम्ही शिकता इंग्रजीत आणि पेशंट बोलतो आपल्या सिल्लोड-सोयगावच्या मराठीत. “चक्कर येते” म्हणजे काय? मी बाकड्यावर बसून ऐकलेले अर्थ सांगते. एका आजीचं घर गरगर फिरायचं, कूस बदलली की. एका बाईच्या उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. एका काकांना फिरल्यासारखं काहीच होत नव्हतं, पण चालताना पाय भलतीकडे पडायचे आणि त्यांना लोक दारू पितात म्हणायचे. एका मुलाची ‘चक्कर’ म्हणजे चक्क फिट होती. चौघांच्याही केसपेपरवर एकच इंग्रजी शब्द लिहिला गेला. तिथेच अर्धी माहिती सांडली. ‘मुंग्या येतात’, ‘बधीर पडलं’, ‘हात जड झाला’, ‘गळून गेल्यासारखं होतं’ यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या थांब्याकडे बोट दाखवतो. त्यामुळे पेशंटचा शब्द आहे तसा लिहून घ्या आणि त्यालाच विचारा, “म्हणजे नेमकं काय होतं? करून दाखवा.” तो करून दाखवतो. आपली माणसं अभिनयात कमी नाहीत, गॅदरिंगला तुमच्या आईवडिलांना आम्ही पाहिलेलं आहे.

नुसतं विचारून किती दूर जाता येतं, याचा आपल्याच राज्यातला नमुना सांगते. १९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. इथल्या गुरुजनांना ती आठवत असेल. त्यानंतर काही मोठी माणसं पाय लुळे पडल्याची तक्रार घेऊन रुग्णालयात यायला लागली. कंबरेतून, पायांतून कळा यायच्या आणि मग ताकद जायची. दिसायला पोलिओसारखं, पण पोलिओ प्रामुख्यानं लहान मुलांचा आजार. पाय लुळा पडलेला माणसाला महिन्यामागे डोळे आले होते हे कशाला सांगेल? त्याच्या दृष्टीनं त्या दोन गोष्टींचा संबंधच नाही. डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विचारून घेतलं आणि संबंध जोडला. काही दिवस ते काही आठवडे आधी या लोकांचे डोळे आले होते. १९७२ साली डॉ. वाडिया, इराणी आणि कात्रक यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ते छापलं. तो विषाणू पोलिओच्याच भाऊबंदांपैकी निघाला, एन्टेरोव्हायरस ७०. याच डॉ. वाडियांनी १९७१ मध्येच डॉ. स्वामींबरोबर नऊ कुटुंबांतला एक आनुवंशिक आजार मांडला. तोल जाणं तर होतंच, पण त्यांच्या लक्षात आलं ते असं की या पेशंटना झटकन डावी-उजवीकडे बघायला सांगितलं तर नजर सावकाश सरकते. त्या आजाराचं जनुक सापडायला १९९६ साल उजाडलं. आणि एक लक्षात घ्या, जगातल्या पहिल्या पेशंटचा सीटी स्कॅन लंडनला झाला तोही १९७१ च्या ऑक्टोबरात. मुंबईत यांच्या हाताशी होते ते डोळे, बोट, हातोडी आणि प्रश्न.

आता माझ्या घरचं. आई तेव्हा त्रेसष्ट वर्षांची, इथे अजिंठ्यातच राहायची, आजही राहते. संध्याकाळच्या जेवणाला तिची भाकरी अर्धी राहायला लागली. चावता चावता जबडा थकायचा, ती हनुवटीला हात लावून बसायची. रात्री फोनवर आवाज नाकातून आल्यासारखा. डाव्या डोळ्याची पापणी उतरलेली. सकाळी उठली की ठणठणीत, सडासारवण, देवपूजा सगळं स्वतः. आम्ही तिला दवाखान्यात न्यायचो ते सकाळीच, कारण नंबर सकाळी लागतो. म्हणजे आजार यायचा संध्याकाळी आणि ओपीडी असायची सकाळी. रक्ताच्या तपासण्या चांगल्या आल्या, मेंदूचा एमआरआय चांगला आला. एकानं सांगितलं, वयाचं आहे. एकानं सांगितलं, मुलगी पुण्याला, एकटेपणाचं टेन्शन आहे. या सगळ्यात आठ महिने गेले.

मग एका मोठ्या सरकारी रुग्णालयात एक निवासी डॉक्टर भेटली. वयानं तुमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, रात्रपाळी करून आलेली, केस विस्कटलेले. तिनं फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, “मावशी, भाकरीचा पहिला घास आणि शेवटचा घास सारखाच चावला जातो का?” आईनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं आपलं बोट उंच धरलं आणि सांगितलं, मान न हलवता याच्याकडे बघत राहा, एक मिनिट. साधारण चाळीस सेकंदांनी डावी पापणी हळूहळू खाली यायला लागली. सकाळचे साडेअकरा वाजले होते. दोन मिनिटं डोळे मिटून बसवलं, पापणी परत वर. मग एकपासून मोठ्यानं आकडे म्हणायला लावले. पन्नास-साठपर्यंत आवाज नाकात गेला.

आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. नस स्नायूला जिथे मिळते, तिथे नसेकडून एक रसायन सुटतं आणि स्नायूवरचे ग्राहक ते पकडतात. या आजारात शरीरच त्या ग्राहकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिले काही निरोप पोहोचतात, वापर वाढला की निरोप हरवायला लागतात, विश्रांती घेतली की पुन्हा पोहोचतात. म्हणून सकाळ चांगली आणि संध्याकाळ वाईट. मेंदूच्या एमआरआयमध्ये हे दिसणार कसं? बिघाड त्या थांब्यावर नव्हताच. पुढे प्रतिपिंडांची तपासणी, नसांची तपासणी, छातीचा सीटी, सगळं झालं, पण ते त्या एका मिनिटानंतर. पायरिडोस्टिग्मिनची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आईनं अख्खी भाकरी खाल्ली. काही नेहमीची अँटिबायोटिक्ससुद्धा या आजारात घातक ठरतात, ती यादी आता तिच्या पर्समध्ये असते आणि ताप आला की आधी ती यादी डॉक्टरांसमोर जाते.

लेण्यांच्या गावातल्या पोरांना ही गोष्ट परकी वाटू नये. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातली गाभाऱ्यातली बुद्धमूर्ती आठवा. गाइड दिवा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा समोरून धरतो आणि तोच चेहरा कधी गंभीर, कधी हसरा दिसतो. सरांनी आपल्याला सहलीत ते दाखवलं होतं. एकाच जागी उभं राहून बघितलं तर एकच भाव दिसतो. पेशंटला सकाळी एकदाच, तेही आडवा असताना तपासून ‘सगळं नॉर्मल’ लिहू नका. चालवा, उठवा-बसवा, दमवा आणि पुन्हा बघा.

आणि ही नस-स्नायूची जागा आपल्या तालुक्याच्या फार कामाची आहे. कारण मण्यार तिथेच घाव घालते. पावसाळ्यात माणूस शेतात, ओसरीवर जमिनीवर झोपलेला असतो. मण्यार रात्री चावते, दुखत जवळपास नाही, सूज नाही, कित्येकदा दातांची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते. मग घसा धरतो, पापण्या जड होतात, मान धरवत नाही. घरचे म्हणतात ॲसिडिटी झाली. साप कोणी पाहिलेला नसतो. आपल्या भागात पावसाळ्याच्या पहाटे पोटदुखी आणि उतरलेल्या पापण्या घेऊन कोणी आलं, तर ‘रात्री कुठे झोपला होतात?’ हा प्रश्न तुमच्या तोंडातून आपोआप निघाला पाहिजे. पुढची पायरी श्वास बंद पडण्याची असते. त्या अवस्थेत माणूस पूर्ण लुळा असतो, बाहुल्याही हलत नाहीत, बघणाऱ्याला वाटतं संपलं. पण आत तो शुद्धीवर असू शकतो, तुमचं बोलणं ऐकत असू शकतो. सर्पविषावरची लस आणि वेळेवर मिळालेला कृत्रिम श्वास, यावर अशी माणसं चालत घरी जातात. व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी पोहोचेपर्यंत रुग्णवाहिकेत अँब्यू बॅग दाबत बसणारा हात तुमचा असणार आहे. ती बॅग पोस्टिंगमध्ये हातात घेऊन बघा. नागाचं विषही याच जागी काम करतं, आणि त्यात निओस्टिग्मिनचं इंजेक्शन उपयोगी पडतं. ते माझ्या आईच्या गोळीचंच सख्खं भावंड.

लकव्याबद्दल तुम्हाला वॉर्डात भरपूर शिकवतील, म्हणून मी एकच गोष्ट सांगते. गुठळीमुळे आलेल्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी रक्तस्राव नाही हे सीटीवर बघावं लागतं. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब आहे. अजिंठ्याहून संभाजीनगर शंभर-एक किलोमीटर, जळगावला जायचं तर घाट उतरायचा. रस्त्याबद्दल मी बोलत नाही, आज सगळे त्याच रस्त्यानं आलात. आता समजा, सकाळी सहाला उठल्यावर घरच्यांना दिसलं की बाबांचा उजवा हात उचलत नाही. रात्री अकराला धड झोपले होते. वेळ मोजायची ती ‘शेवटचं धड कधी पाहिलं’ तिथपासून, म्हणजे सात तास झाले, संपलं. पण तुम्ही आपल्याकडचे असाल तर विचाराल, “रात्रीची लाईट होती का? मोटर चालू करायला कोणी उठलं होतं?” पहाटे चारला बाबाच उठले होते, चालत विहिरीवर गेले, त्याच हातानं मोटर चालू केली आणि परत येऊन झोपले. मग घड्याळ चारपासून सुरू, आणि हातात अडीच तास आहेत. मोठ्या केंद्रांत खास स्कॅन करून उशिरा आलेल्या काहींनाही उपचार देतात, पण ते नशिबावर. हा प्रश्न विचारून, बोटातून साखर तपासून, तोंडानं पाणीसुद्धा न देता, सीटी आणि ते इंजेक्शन दोन्ही असलेल्या ठिकाणी आधी फोन करून १०८ मध्ये बसवणं, एवढं केलंत तरी पेशंटला वेळेत पोहोचण्याची संधी मिळते.

फिटबद्दल थोडंसं. कांदा, चप्पल हे आता कमी झालंय, पण गेलेलं नाही. फिट डॉक्टरांसमोर क्वचितच येते, त्यामुळे पेशंटपेक्षा पाहणाऱ्याला विचारायचं, आणि आता तर मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मागायचा. पाच मिनिटांत थांबली नाही तर ती तातडीची बाब. पण मला सांगायचंय ते मुलींबद्दल. लग्न ठरलं की आई गोळ्या लपवते, सासरी गेल्यावर मुलगी घेतच नाही, आणि मग चुलीपाशी नाहीतर विहिरीपाशी फिट येते. अपस्मार हे विवाह रद्द करण्याचं कारण कायद्यातून १९९९ साली काढून टाकलं गेलं, हे किती घरांना माहीत आहे? काही गोळ्या, विशेषतः व्हॅल्प्रोएट, पोटातल्या बाळाला अपाय करू शकतात. हे सगळं तिच्याशी एकटीशी बोलावं लागतं. सासू, नवरा, भाऊ यांना गोडीनं दाराबाहेर कसं पाठवायचं हे कुठल्याही पुस्तकात नाही. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर त्यात तरबेज असतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

आणि नातेवाइकांना सांगण्याबद्दल, कारण मी त्याच जमातीतली. आमच्या शेजारच्या कॉटवर एक तरुण होता, अपघातात मज्जारज्जू दुखावलेला. त्याच्या वडिलांना रोज वेगळा डॉक्टर “बघू, वेळ लागेल” म्हणायचा. एका दिवशी एकजण त्यांच्याजवळ खाली बसला, कागदावर पाठीचा कणा काढला, कुठे तुटलंय ते दाखवलं, काय परत येणार नाही आणि काय शिकता येईल ते सांगितलं. वडील खूप वेळ तो कागद घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “खुर्ची कुठे मिळते?” तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला होता, मी पाहिलं.

तुम्हा तिघांपैकी कोणी न्यूरोलॉजिस्ट होईल की नाही, मला माहीत नाही. बहुतेक मुलं होत नाहीत. पण एखादं वर्ष तरी कुठल्या तरी ग्रामीण रुग्णालयात बसाल, आणि वरच्या थांब्यावर नेमकं कोणाला आणि किती घाईनं पाठवायचं हे त्या खुर्चीवरून ठरतं. माझ्या आईचे आठ महिने अशाच खुर्च्यांसमोर गेले. म्हणून पोस्टिंगमध्ये दुर्मीळ आजारांची यादी पाठ करण्यापेक्षा रोज दोन पेशंट पूर्ण तपासा, डोक्यापासून पायापर्यंत, आणि स्कॅनचा रिपोर्ट उघडण्याआधी वहीत लिहा, बिघाड कुठे वाटतो. मग रिपोर्ट बघा. जुळलं नाही तर पुन्हा पेशंटकडे जा. आणि कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपायला शिका. ती जाड लागली आणि अंगावर बधीर चट्टा असेल तर कुष्ठरोग आठवायला हवा, तो आपल्याकडे अजून आहे.

वेळ संपत आलीय, सर घड्याळ बघताहेत, ती सवय पस्तीस मिनिटांच्या तासापासूनची.

आईला मी सांगितलं की भाषणात तुझं नाव न घेता तुझी गोष्ट सांगणार आहे. ती म्हणाली, नुसतं सांगून पोरांना काय कळणार, त्यांना घरी पाठव, बघू दे. तर तुम्हा तिघांना निमंत्रण आहे. घर तुमच्या आईवडिलांना माहीत आहे. टॉर्च आणा, हातोडी आणा. फक्त दुपारी चारनंतर या, गोळीची वेळ व्हायच्या थोडं आधी. सकाळी आलात तर चहा मिळेल, पण दिसणार काही नाही.